तुळईतला पीठपाड्या

कोंडाजीला किड्यांचे वेड आहे, असे चिंचवडात जो तो सांगे; पण ते तितकेसे खरे नव्हते. किड्यांतल्या एकाच कुळाचे त्याला वेड होते. खांद्यावर फुलपाखरू येऊन बसले तरी तो मान वळवत नसे. मुंग्या, टोळ, झुरळे यांच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हते. पण पाठीवर टणक ढाल आणि ढालीच्या मधोमध सरळ शिवण असलेला जीव दिसला, की तो आहे तिथे उकिडवा बसे, खिशातून भिंग काढी, आणि मग मागे मालाचा ट्रक येऊन उभा राहिला तरी त्याला भान नसे.

मुंबई-पुणे रस्त्याला लागून रंगरावांची लाकडाची वखार होती. कोंडाजी तिथे माल पारखायला होता. सन पंचावन्नची गोष्ट. पिंपरीत औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता, आणखी कारखाने येणार अशी बोलवा होती, आणि साताऱ्याकडची, नगरकडची माणसे रोज नव्याने येऊन पडत होती. प्रत्येकाला डोक्यावर छप्पर हवे होते. वासे, तुळया, दाराच्या चौकटी, काय मागाल ते खपत होते. आरा यंत्रावर मन्सूर होता. तो ओंडके चिरी आणि कोंडाजी चिरलेल्या फळ्यांवर खडूने खुणा करी. गोल म्हणजे चांगला, फुली म्हणजे जळणात.

ही पारख तो लढाईच्या दिवसांत शिकला होता. खेडच्या पश्चिमेला डोंगरात त्याचे गाव. तिथून तो पोट भरायला निघाला आणि लष्करासाठी लाकूड साठवणाऱ्या एका तळावर हमाल म्हणून लागला. साठवलेल्या लाकडाचे पीठ होत होते म्हणून तिथे एक म्हातारा बंगाली साहेब तपासणीला आला आणि आठ महिने राहिला. त्याला ओंडके फिरवायला माणूस हवा होता. कोंडाजी मिळाला. कोंडाजी फारसा बोलत नसे आणि सांगितलेले विसरत नसे, म्हणून साहेब त्याला मोडक्या हिंदीत शिकवू लागला.

साहेब म्हणे, हे वरचे पंख उडायचे नाहीत, झाकायचे. उडायचे पंख खाली घडी घालून ठेवलेले असतात. पंखांची ढाल झाली की तो या कुळातला. मग तो शेणाची गोळी लोटत नेणारा असो, नारळाच्या शेंड्यात शिरणारा गेंड्या भुंगा असो, तांदळातला सोंड्या असो, बाजरीच्या कणसावरचा हिंग्या असो, की पोरी ज्याच्या पंखाची टिकली लावतात तो हिरवा झळझळीत किडा असो. काजवासुद्धा यातलाच, हे ऐकले तेव्हा कोंडाजी हसला होता. साहेब हसला नाही. त्याने काजवा पकडून उताणा केला आणि ढाल उघडून दाखवली. जगात या कुळाच्या अडीच लाखांवर जाती मोजून झाल्यात, म्हणाला, आणि मोजायच्या राहिल्यात त्या किती हे कुणालाच माहीत नाही.

जाती लावायच्या कशा, तेही साहेबानेच शिकवले. आधी मिशा बघायच्या. सुतासारख्या आहेत, करवतीसारख्या आहेत, टोकाला गाठी आहेत? गाठी किती? मग पायाची पेरे मोजायची, मग तोंड. आणि एक गोष्ट साहेब पुन्हा पुन्हा बजावी. नमुना हातात आल्याशिवाय नाव घ्यायचे नाही. साहेब गेला तो भिंग कोंडाजीला देऊन गेला. कोंडाजीची बायको लग्नानंतर चार वर्षांत वारली, मूल नव्हते. त्याच्या खोलीत एक वळकटी, एक कंदील आणि भिंतीशी रचलेल्या काडेपेट्या होत्या. एकेका पेटीत एकेक घराणे. साहेबाची लॅटिन नावे त्याच्या जिभेला वळत नसत, म्हणून त्याने आपली ठेवली होती. लांबमिशे. टोपीवाले, कारण त्यांचे डोके पुढे आलेल्या टोपीखाली लपलेले असते. आणि पीठपाडे.

वखारीच्या दृष्टीने यांतले दोनच महत्त्वाचे. ओल्या लाकडात शिरणारा एक बारीक भुंगेरा असतो. तो लाकूड खात नाही. बोगदा करून त्यात बुरशी पिकवतो आणि ती खातो. त्या बुरशीने भोकाची कड काळी पडते. लाकूड वाळले की बुरशी मरते आणि किडाही संपतो. अशी तुळई पन्नास वर्षे टिकते. पीठपाड्या निराळा. त्याला वाळलेलेच लाकूड लागते, गाभ्याबाहेरचे पांढरट लाकूड. त्याच्या भोकाची कड गोरी असते, आणि बोट आपटले की आतून मैद्यासारखे पीठ गळते. तो संपत नाही. आतल्या आत पिढ्यांमागून पिढ्या, आणि वरून बघावे तर तुळई जशीच्या तशी.

भोक दिसले की गिऱ्हाइके भडकत आणि चांगले लाकूड टाकून जात. म्हणून कोंडाजीने एक सोपा नियम काढला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. भोकाचे तोंड काळे असेल तर भिऊ नका, गोरे असेल तर घेऊ नका.

हे त्याचे आयुष्यातले पहिले बोलणे, जे लोकांनी ऐकले. वर्षभरात आकुर्डीपासून चाकणपर्यंत घर बांधणारा माणूस वखारीत आला की आधी भोकाचे तोंड बघू लागला. "कोंडाजी म्हणतो" असे म्हणू लागला. रंगरावांचा पूर्वी जळणात जाणारा माल विकला जाऊ लागला. ते त्याला लाडाने "किडेपंडित" म्हणत.

"काय पंडित, आज कुणाची मुंज लावलीत?"

कोंडाजी लाजून फळीकडे बघे. पण त्याला बरे वाटे.

वखारीसमोर रस्त्यापलीकडे अंबूबाई ताडपत्रीखाली खानावळ चालवी. ती कोरेगावकडची. नवरा गिरणीत होता तो खोकून मेला, तेव्हा ती भावाकडे न जाता इकडे आली. तिच्या हाताखाली एक पुतणी, गोजा. दुपारी शिफ्ट सुटली की तीस-चाळीस माणसे तिच्याकडे पंगत धरीत. कोंडाजीही तिथेच जेवे.

"कोंडाजीदादा, आमटीत काय पडलं तर सांगू नका बरं का," ती म्हणे. "तुमी भिंग काढाल आन् मानसं उठून जातील."

छपन्नच्या दिवाळीनंतर तिने पक्के छप्पर घालायचे ठरवले. दोन भिंती, मधे आडवी मोठी तुळई, वर वासे आणि मंगलोरी कौले. लाकूड घ्यायला ती वखारीत आली ती सरळ कोंडाजीकडे.

"मला काय कळत न्हाई. तुमी बगा आन् द्या. उद्या डोक्यावर पडलं तर तुमच्याच नावानं खडे फोडीन."

तेव्हा वखारीत गर्दी होती. दोन ठेकेदार होते, मन्सूर होता, रंगराव गादीवरून बघत होते. अंबूबाईने ज्या तुळईवर हात ठेवला तिला दहाबारा भोके होती. कोंडाजी पाच हातांवर उभा होता. तिथूनच त्याने बघितले. कडा काळ्या होत्या.

"काळं तोंड आहे. न्या," तो म्हणाला.

भिंग खिशातच होते. ते काढून बघायला क्षणभर लागले असते. पण सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि ज्याला लांबूनच कळते असा माणूस होऊन बघण्याची त्याला कधी संधी मिळाली नव्हती.

चार महिन्यांनी, होळीच्या आसपास, मन्सूर दुपारच्या सुट्टीत त्याच्याजवळ येऊन बसला. त्याने विडी पेटवली.

"कोंडाजी, एक बात सांगू? गुस्सा करू नको."

"सांग की."

"तू दिवाळीत गावाला गेला होता ना. तवा पीठ पाडणारा माल आला होता. लई. मालक म्हणाले, समदा जळणात घालू का? मग त्यांनी तार तापवायला लावली." मन्सूरने बोटाने हवेत गोल काढला. "भोकाच्या कडेला फिरवायची. कड जळून काळी. आत काजळ घातलेलं मेण. पीठ पडत नाही. मीच केलं. माझ्या हातानं."

कोंडाजीने रस्त्यापलीकडे बघितले.

"अंबूबाईची तुळई?"

"आठवत नाही भाऊ. काही जळलेली होती, काही खरीच काळी. एकाच ढिगात होती. तू नाव घेऊ नको माझं. घरी झुलेखा पोटुशी आहे. मालक हाकलतील मला."

कोंडाजीने नाव घेणार नाही असे सांगितले. त्यानंतर तो जेवायला गेला तो पहिल्यांदा वर बघत. तुळई गुळगुळीत, तेल पाजलेली. तिच्यावर कौलांचा सगळा भार आणि तिच्याखाली पस्तीस माणसे मांडी घालून बसलेली.

त्याच दिवशी सांगायला हवे होते. हे त्यालाही समजत होते. पण सांगायचे म्हणजे काय सांगायचे? मी न बघता पास केली, हे. मालकाने फसवले, हे. मन्सूरने तार फिरवली, हे. आणि तुळई खरीच काळी असली तर? त्याला साहेबाचे वाक्य आठवले. नमुना हातात आल्याशिवाय नाव घ्यायचे नाही. ते वाक्य त्याला एकाएकी फार सोयीचे वाटले. पीठपाड्या असेल तर तो उन्हाळ्यात बाहेर पडेल. तोवर थांबावे.

तो रोज तुळईच्या बरोबर खाली बसू लागला. दुसऱ्या कुणी ती जागा घेतली तर उभा राहून वाट बघे. जेवताना वर बघे.

"दादा, वर काय हाय? जेवन ताटात हाय," अंबूबाई म्हणे, आणि पंगत हसे.

मे महिन्यात एका कामगाराच्या आमटीत तांबूस, तांदळाच्या दाण्याहून लहान भुंगेरा पडला. त्याने तो बोटाने काढून फेकला.

"अंबूबाई, डाळ निवडता का न्हाई?"

"आता ऊन दाखवते बाबा. गोजे, पोतं काढ बाहेर!"

कोंडाजीने तो जमिनीवरून उचलून काडेपेटीत घातला. रविवारी सकाळी दाराच्या उजेडात बसून त्याने भिंग लावले. भिंगाखाली धरायच्या आधीच त्याला एक पळवाट दिसली होती. टोपीवाल्यांच्या घराण्यातला एक भाऊबंद लाकूड सोडून धान्यात शिरलेला आहे. गव्हात, डाळीत तोच सापडतो. रंगाने असाच तांबूस, आकाराने एवढाच. खानावळीत धान्याची पोती होती. हा तो असू शकत होता. असावा, असे कोंडाजीला मनापासून वाटत होते. एका किड्याकडून त्याने इतके कधी मागितले नव्हते.

धान्यातल्याचे डोके टोपीखाली असते, वरून दिसत नाही. याचे दिसत होते. धान्यातल्याच्या मिशीच्या टोकाला तीन सैल गाठी असतात. याच्या मिशीला दोन होत्या. अंग चपटे, अरुंद. कोंडाजीने तीनदा मोजल्या. मग भिंग खाली ठेवून तो उंबऱ्यावर बसून राहिला. ऊन अंगावर आले तरी उठला नाही.

सोमवारी तो जेवायच्या वेळेआधी गेला, पण पहिली पंगत बसलेली होतीच. अंबूबाई तव्यापाशी होती.

"अंबूबाई, ती तुळई..."

"काय झालं तुळईला?"

"मधे एक टेकू लावून घेतला तर बरं."

"का वो? काळं तोंड हाय की. तुमीच सांगितलंत."

"ते आहे. पण..."

पंगतीतून कुणी तरी ओरडले, "पंडित, किडा सपनात आला का काय?"

सगळे हसले. मन्सूरही पंगतीत होता. तो हसला नाही, ताटात बघत राहिला. कोंडाजीच्या तोंडात सगळी वाक्ये तयार होती. ती तशीच राहिली.

"पावसानं कौल जड होतं," तो म्हणाला. "म्हणून म्हटलं."

"मग लावा की. तुमच्याकडं काय लाकडाचा तोटा?"

त्याने लावला. संध्याकाळी वखारीतून सागाचा एक चौकोनी खांब खांद्यावर आणला, खाली दगड घातला, पाचर मारली आणि तुळईला घट्ट टेकवला. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागले. खांब आहे तोवर भीती नाही, असे त्याने मनाला समजावले; आणि खांब आहे तोवर बोलायचीही गरज नाही, हेही त्याच समजावण्यात आले. पाऊस लागला. कौले भिजली, वाळली, भिजली. खांब उभा होता.

भाद्रपदात कारखान्यात माणसे वाढली. पंगत दोन ओळींची झाली. एका दुपारी कोंडाजी आला तर मधली जागा मोकळी. खांब बाहेर भिंतीला टेकवलेला, त्यावर गोजाने पातेली पुसायची फडकी वाळत घातलेली.

"खांब?" त्याने विचारले.

"काढला बाई. मधेच खांब, वाढायचं कसं? परवा गोजीच्या हातनं आमटी सांडली एकाच्या मांडीवर, पोळला बिचारा. पाऊस बी सरला आता." ती वळून हसली. "तुमची तुळई भक्कम हाय वो दादा. उगा काळजी करता."

ती वाढत होती. दोन्ही हातांत भांडी होती. कोंडाजी तिच्यासमोर उभा राहिला.

"राहू द्यायचा होता," तो म्हणाला.

"काय म्हनलात?"

"काही नाही. असू द्या."

उद्या सांगू, असे त्याने ठरवले. गर्दी नसताना, सगळे नीट, पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी गर्दी होती. तिसऱ्या दिवशी रंगराव स्वतः पाहुण्यांना घेऊन जेवायला आले होते. नवव्या दिवशी परतीचा पाऊस आला. दोन दिवस धो धो कोसळला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उघडला.

त्या दुपारी कोंडाजीला ट्रक उतरवून घ्यायचा होता म्हणून त्याला उशीर झाला. आवाज त्याने वखारीतूनच ऐकला. फार मोठा नव्हता. मन्सूरने आरा थांबवला आणि दोघेही रस्ता ओलांडून पळाले.

पहिली पंगत नुकतीच उठली होती, दुसरी बसायची होती. दोन कामगार जखमी झाले, एकाचा हात मोडला. गोजा बाहेर होती, ती वाचली. अंबूबाई मधे उष्टी काढत होती. तिला कौलांखालून काढले तेव्हा ती शुद्धीवर होती. तिने कोंडाजीला ओळखले. काही विचारले नाही. "गोजी कुटं हाय?" एवढेच म्हणाली. पुण्याला नेताना कासारवाडीच्या अलीकडे ट्रकमध्येच ती गेली.

तुळईचे दोन तुकडे झाले होते. कोंडाजी त्यांच्याशी बसला. कवच नखभर जाडीचे उरले होते, तेल पाजलेले, चकचकीत. आत सगळे पीठ. पावसाच्या पाण्याने त्याचा लगदा होत होता.

पंचनाम्याला फौजदार आले. रंगराव आधीच हजर होते, खांद्यावर उपरणे. "कच्च्या भिंती, त्यात पाऊस. बाईनं टेकूही काढून टाकला होता म्हणे." फौजदारांनी मान हलवली. मग त्यांनी विचारले, लाकूड कुणी पारखले होते?

"मी," कोंडाजी म्हणाला.

आणि मग तो बोलला. इतके तो जन्मात एकदम बोलला नव्हता. पाच हातांवरून बघितले, हे बोलला. तापलेली तार, काजळाचे मेण, कुणाच्या हुकमाने, हे बोलला. तार फिरवणाऱ्याचे नाव त्याने सांगितले नाही, पण मन्सूर गर्दीतून पुढे आला आणि म्हणाला, "मी होतो साहेब." रंगराव हसून म्हणाले, माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय, किड्यांपायी वेडा आहे, गावाला विचारा. कोंडाजी थांबला नाही. दोन भोके सारखी दिसतात पण कशी वेगळी असतात, धान्यातला कोणता, लाकडातला कोणता, मिशीला गाठी किती, मे महिन्यात आपल्याला कसे कळले होते आणि आपण सांगितले का नाही, सगळे.

हवालदार लिहीत होता. तो मधेच थांबला.

"म्हणजे लिहू काय?"

"लाकूड किडकं होतं, असं लिहा," फौजदार म्हणाले. "पाऊस अती झाला, हेही घ्या."

तेवढेच लिहिले गेले. मन्सूरला रंगरावांनी दुसऱ्या दिवशी काढले. तो झुलेखाला आणि तान्ह्या मुलाला घेऊन भिवंडीकडे गेला, कोंडाजीशी न बोलता. कोंडाजीला काढावे लागले नाही. तो परत वखारीत गेलाच नाही.

पुढे तो मिळेल ते काम करी, आणि काम नसेल त्या दिवशी चालत सुटे. त्या वर्षीच्या ढिगातला माल कुठे कुठे गेला याची यादी कुठेच नव्हती. जे आठवत होते ते, आणि विचारून कळेल ते. आकुर्डी, निगडी, भोसरी. अनोळखी घरापुढे उभे राहून, तुमची तुळई बघू द्या, म्हणायचे. लाजऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा नसेल. कुणी पाणी देई, कुणी कुत्रे सोडी.

अठ्ठावन्नच्या चैत्रात तो चाकणला एका घरी गेला. घरात एक बाई आणि पाळण्यात मूल. माणूस कामावर. तिने दारातूनच विचारले, "काय पायजे?"

"लाकूड रंगरावांच्या वखारीतलं का?"

"व्हय."

तो आत गेला. स्टुलावर चढून एका काळ्या भोकात त्याने तार घातली. मेण निघाले. तार पुढे गेली, बोटभर, वीतभर, कुठेही अडली नाही. बारीक पीठ त्याच्या मनगटावरून खाली पाळण्यावर पडू लागले. ते कुठल्या किड्याचे, हे त्याने भिंग काढून बघितले नाही.

"मूल उचला आणि बाहेर चला," तो म्हणाला.

"आन् तुमी कोन?"

"हे पास करणारा मीच. एक बाई मेली आहे यानं. आधी बाहेर चला, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

ती मग मूल उचलून बाहेर अंगणात गेली आणि तिथून शेजाऱ्यांना हाका मारू लागली, की घरात कोणी वेडा शिरलाय म्हणून. माणसे धावत आली. एकाने त्याची गचांडी धरली. कोंडाजी स्टुलावरून उतरला आणि दारात बसला, कुणालाही आत जाऊ न देता. दोनदा त्याला ओढून काढले, दोनदा तो परत येऊन बसला. बाईचा नवरा पाचला येणार होता. त्याला पीठ दाखवेपर्यंत बसायचे होते, आणि तोवर पुष्कळ वेळ होता.